जोडीघरातला उन्हाळा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. ज्या कवितेपाशी आयुष्यभर मन मोकळं करत आले तिच्यापाशीही नाही — कारण जे केलं ते तिच्याच आडोशाला उभं राहून केलं. आता सांगायला बसले आहे, पण सरळ सांगता येईल याची खात्री नाही. मध्येच राग येईल. आणि राग आला की मी दुसऱ्यांविषयी बोलू लागते — ही माझी जुनी खोड. तसं झालं तर समजून घ्या की मी अजून मूळ जागी पोचलेली नाही.

मी अमरावतीची. कॉलेजात सत्तावीस वर्षं मराठी कविता शिकवली. दोन संग्रह आहेत, दोन्ही पातळ. आणि एक पुस्तक असं आहे जे कवितांचं नाही — अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका इंजिन-कारखान्याचा इतिहास. कारखान्याचं नाव लिहीत नाही. ते आलं की वाचणाऱ्याचं बोट आपोआप तिकडे वळतं, आणि मला ते माझ्याकडे वळलेलं हवं आहे. जाड, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर तांब्याच्या रंगात उठवलेलं इंजिन. त्यातलं एक प्रकरण पुढे एका पाठसंग्रहात गेलं. ‘स्पर्शज्ञ’ त्याचं नाव. तुमच्या घरातल्या कुणी ते परीक्षेसाठी वाचलंही असेल. त्याखाली एक प्रश्न असतो — ‘सुलोचनाबाईंच्या हातांचे सौंदर्य तुमच्या शब्दांत वर्णन करा.’

हातांचे सौंदर्य! तो प्रश्न पहिल्यांदा छापलेला पाहिला तेव्हा पान फाडून टाकावंसं वाटलं. पण प्रश्न काढणाऱ्याचा काय अपराध? उत्तर मी आधीच लिहून ठेवलं होतं.

आधी कारखाना सांगते.

कापसाच्या जिनांमधली आणि मळ्यांतल्या विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यापासून त्याची सुरुवात झाली. जुन्या शहरात, मोर्णा नदी ओलांडली की लागणाऱ्या दाट गल्ल्यांपैकी एकीत, पत्र्याच्या छपराखाली एक लेथ आणि एक भाता. बिघडलेली इंजिनं बैलगाडीतून यायची आणि धडधडत परत जायची. संस्थापकांना सगळे दादासाहेब म्हणत. दुसऱ्यांची इंजिनं उघडता उघडता त्यांच्या मनात स्वतःचं इंजिन तयार झालं — एकाच सिलिंडरचं, डिझेलवर चालणारं, तीन चाकांच्या मालवाहू ऑटोत बसेल एवढं. ते तुम्हाला ठाऊक आहे. नावानं नसेल तर आवाजानं. तिवस्याच्या बाजूनं संत्र्यांचे क्रेट लादून अमरावतीत शिरणारा तो ऑटो, चढावर धापा टाकत, पण थांबत नाही असा — त्याच्या पोटात ते असे.

पुस्तकासाठी मी हिवाळाभर तिथे जात होते. मला त्या जागेनं वेड लावलं, हे खोटं नाही. ओतशाळेत तापलेल्या वाळूत मिसळलेल्या मळीचा गोडसर करपट वास. लेथवरून वाहणारं दुधाळ, आंबूस पाणी. पोलादाचे निळे-जांभळे छिलके, मोरपिसासारखे वळलेले. आणि चाचणीच्या शेडमध्ये एकाच वेळी चालणारी इंजिनं — तो आवाज कानांत शिरत नसे, छातीच्या फासळ्यांत शिरे. मी वहीत भराभर टिपत होते. आणि मग एका दुपारी मला जोडीघरात नेलं.

तिथे आवाज नव्हता. उत्तरेकडे उंच खिडक्या, जस्ताच्या पत्र्यानं मढवलेलं लांब टेबल, त्याभोवती सात बाया. दाराशी एक पत्र्याचा डबा — त्यात त्यांच्या बांगड्या. काचेनं पोलादावर ओरखडा उठतो म्हणून आत जाताना बांगड्या उतरवायच्या. पहिल्या बायांच्या सासवांनी यावरून आकाशपाताळ एक केलं होतं म्हणे. मग तोड निघाली — मनगटाला हळदीत भिजवलेला दोरा. सातही मनगटांवर पिवळा दोरा, आणि बोटांवर डिझेलची पातळ निळसर झाक. मी दारातच थांबले. आणि सांगून टाकते — मी तिथे बायांना पाहिलंच नाही. मी एक चित्र पाहिलं.

त्यांचं काम समजून घ्या, कारण सगळं त्यावर आहे. इंजिनाच्या पंपात बोटाएवढी एक पोलादी दांडी असते. ती एका नळीत वरखाली होते आणि डिझेल ढकलते. दोघींच्या मध्ये ना रबर, ना वॉशर. केस उभा चिरत जावा, चिरत जावा, आणि शेवटची चिरफळी ठेवावी एवढंच अंतर. ते जरा वाढलं की डिझेल निसटतं आणि इंजिन दम सोडतं. जरा कमी झालं की दांडी अडकून बसते. यंत्रानं घासलेल्या दांड्या आणि नळ्या कधीच हुबेहूब सारख्या निघत नाहीत. म्हणून कोणत्या दांडीला कोणती नळी, हे माणसानं ठरवायचं. दांडी डिझेलमध्ये बुडवून नळीत घालायची, थोडी वर ओढायची, नळी तिरपी धरायची आणि सोडून द्यायची. दांडी आपल्याच वजनानं खाली गेली पाहिजे — धपकन नाही, अडखळत नाही. एक श्वास सोडावा तशी. मग दांडी थोडी फिरवून पुन्हा. पुन्हा. एकदा जोडी ठरली की ती शेवटपर्यंत मोडायची नाही.

“लगन लावून राहिलो मॅडम आमी याईचे,” टेबलाच्या कडेला बसलेली सावळी, रुंद चेहऱ्याची बाई म्हणाली. “पत्रिका नाई पाह्यत. चाल पाह्यतो.” बाकीच्या खुदखुदल्या. “सुलीताईनं माणसाईचेबी असेच लावले असते तं अर्धे संसार वाचले असते!” कुणीतरी म्हणालं.

ती सुलोचनाबाई. आठवीपर्यंत शिकलेली. दिरांची अकोल्याबाहेर भाजीची आणि झेंडूची शेती. ही मात्र लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कारखान्यात आलेली. मी तिच्याशी बोलले तेव्हा पाठकसाहेबही तिथे होते — कारखान्याचे निवृत्त मुख्य अभियंता, माझ्यासाठी मुद्दाम आलेले. मी माझा मोबाइल टेबलावर ठेवला आणि ध्वनिमुद्रण सुरू केलं.

तिनं जे सांगितलं ते असं. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात इंजिनं परत येऊ लागली होती. ओढत नाहीत, गरम झाली की सुरू होत नाहीत. उघडलं की एकच दोष — जोडी ढिली. वरच्या कचेरीत निदान झटपट झालं: बाया गप्पा हाणतात, लक्ष नसतं. दोन जणींना घरी बसवायचंही ठरलं. तेव्हा या बाईनं धाकट्या मुलीच्या गणिताच्या वहीची मागची पानं घेतली आणि लिहायला सुरुवात केली. कोणती जोडी किती वाजता लागली. दांड्या कोणत्या ट्रेमधून आल्या. परत आलेल्या इंजिनाचा नंबर काय. उन्हाळाभर लिहिलं. आणि तिला दिसलं — सकाळी लागलेल्या जोड्या परत येत नाहीत. भर दुपारी लागलेल्या येतात.

अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. दांड्या यायच्या घासाईच्या शेडमधून, पत्र्याखालून, हाताला चटका बसेल अशा. नळ्या यायच्या कोठारातून, जिथे त्या रात्रभर फरशीवर निवांत पडलेल्या असत. तापलेली दांडी फुगते. तिला नळी घट्ट वाटते. म्हणून बाई जरा मोठी नळी निवडते. आणि रात्री दांडी निवली की तीच जोडी ढिली. पण हे नुसतं सुचून ती थांबली नाही. तिनं वीस जोड्या नेहमीसारख्या लावल्या. दुसऱ्या वीस लावण्याआधी दांड्या आणि नळ्या एकाच ट्रेमध्ये डिझेलखाली ठेवल्या — डबा खाऊन होईपर्यंत. एका खोक्यावर कुंकवाचा टिळा, दुसऱ्यावर खडू. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही खोकी पाठकसाहेबांसमोर ठेवून म्हणाली, तुमीच पाहा.

तेव्हापासून तिथे ‘भिजवणी’ सुरू झाली. इंजिनं परत येणं थांबलं. दोघी जणी कामावर राहिल्या. कारखाना राहिला असंही म्हणता येईल — मोठा खरेदीदार हातचा जात होता. पद्धत कागदोपत्री पाठकसाहेबांच्या नावानं नोंदली गेली, आणि त्या दिवशी त्या सज्जन माणसानं माझ्या मोबाइलकडे बोट करून स्पष्ट शब्दांत सांगितलं: “हे लिहाच. ही पद्धत माझी नाही. या बाईंची आहे. मी फक्त सही केली. त्यांची वही कचेरीत मागवली गेली आणि परत मिळाली नाही, तेही लिहा.”

हे सगळं माझ्या पहिल्या खर्ड्यात होतं.

आता मी त्या जागेजवळ आले आहे. अजून थोडं फिरून घेऊ का? पाठकसाहेब पुस्तक छापून होण्याआधी गेले, हे सांगू? मालकांपैकी कुणी हस्तलिखित वाचलंसुद्धा नव्हतं, हे सांगू? हो, हे मात्र सांगितलंच पाहिजे. माझ्यावर कुणीही दबाव आणला नाही. कुणी एक ओळ खोडली नाही. जे खोडलं ते मी खोडलं, अमरावतीतल्या माझ्या खोलीत, सकाळच्या स्वच्छ उजेडात, ताज्या चहाचा घोट घेत.

का? कारण ती वही परिच्छेदात बसत नव्हती.

रकाने, वेळा, ट्रेचे नंबर — माझ्या लयीत ते खडे होते. आणि मला एक वाक्य सापडलं होतं. ‘उन्हाळा तिच्या बोटांना आधी कळे, मग कारखान्याला.’ पाहा, आजही ते मला सुंदर वाटतं — किळस यावी ती याचीच. त्या वाक्याला वही चालत नव्हती. जिच्या बोटांना उन्हाळा कळतो ती बाई मांडणी कशाला करील? वीस जोड्या इकडे, वीस तिकडे कशाला लावील? म्हणून मी वही काढली. टिळ्याचं खोकं काढलं, खडूचं काढलं. मग पाठकसाहेबांचं म्हणणं निराधार लोंबकळू लागलं, म्हणून तेही काढलं. आणि तिथे लिहिलं — ‘निसर्गदत्त स्पर्श’. लिहिलं — ‘तांदूळ निवडणाऱ्या, लेकरू न्हाऊ घालणाऱ्या हातांचं पिढीजात शहाणपण.’ मी तिचं डोकं काढून घेतलं आणि बदल्यात तिला हात दिले. वर दागिन्यासारखे मढवून दिले.

आपण कवितेतली माणसं हे किती सहज करतो! पुरुषानं मोजलं की तो शोध. बाईनं मोजलं की तो स्पर्श, माया, उपजत जाण. हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी वर्गात त्याच्या चिंधड्या उडवल्या असत्या — उडवल्याही आहेत, तास-तासभर, मुली माना डोलवत असताना. आणि माझं स्वतःचं लिहिताना मला ते दिसलंच नाही? दिसलं. दिसलं होतं म्हणूनच तर मी पहिला खर्डा फाडला; नुसता बाजूला ठेवला नाही.

प्रकाशनाला जोडीघरातल्या साती जणींना नव्या साड्या नेसवून पहिल्या रांगेत बसवलं होतं. कार्यक्रमानंतर सुलोचनाबाईनं पुस्तक उघडलं आणि ओळीवर बोट ठेवून, सावकाश, ते पूर्ण प्रकरण वाचलं. मी शेजारी उभी होते. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “लय गोड लिवलं मॅडम.” मग पान मागे उलटवलं, पुन्हा पुढे केलं. “वही नाई आली काहो याच्यात?”

आणि मी — ऐका, मी काय म्हणाले ते — मी म्हणाले, “ती भावार्थात आली आहे.”

तिनं मान हलवली. न समजलेलं आपल्याच कमीपणावर घालण्याची सवय असलेल्या माणसासारखी. ती मान मला आजही दिसते.

इथेच थांबलं असतं तर त्याला मी मोह म्हटलं असतं आणि सोडून दिलं असतं. थांबलं नाही.

दोन-तीन वर्षांत धुराचे नवे नियम आले. जुन्या पंपांची जागा संगणकानं चालणाऱ्या नव्या यंत्रणेनं घेतली आणि कारखान्यानं अमरावतीजवळ नवी शेड उभारायचं ठरवलं. अकोल्याचं जुनं खातं बंद होणार होतं. जे ‘कुशल’ ते नव्या शेडला जाणार. जे ‘मदतनीस’ त्यांची सुट्टी. ठरवायला तीन साहेबांची समिती बसली. फॉर्मवर एक रकाना होता — कौशल्याचा पुरावा. मुलांकडे आयटीआयचे कागद होते. जोडीघरातल्या बायांकडे काय होतं? मनगटावरचा दोरा?

त्यांच्याकडे माझं पुस्तक होतं. त्या ते घेऊन गेल्या. विश्वासानं घेऊन गेल्या, गुळगुळीत कागदात गुंडाळलेला पुरावा! आणि समितीतल्या एकानं तेच प्रकरण उघडून मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘निसर्गदत्त’ या शब्दावर तो थांबला. म्हणाला, लेखिकाबाईंनीच लिहिलंय — निसर्गदत्त. म्हणजे शिकलेलं नव्हे. तांदूळ निवडण्यासारखं. घरकामाला कौशल्याचा दर्जा कसा देणार?

त्या माणसाचा मला आजही संताप येतो. त्याच्या नीटनेटक्या क्रूरपणाचा येतो. पण तो खोटं वाचत होता का? शब्द माझे होते. त्यानं त्यांत कानामात्रेचाही फरक केला नाही. माझ्या लेखनाचं इतकं अचूक वाचन आजवर कुठल्याही समीक्षकानं केलेलं नाही.

मला हे कसं कळलं? सुलोचनाबाई माझ्या घरी आली. समितीनं आठ दिवसांची मुदत दिली होती — काही पुरावा असेल तर आणा. ती अकोल्याहून एसटीनं आली, बरोबर जोडीघरातली कुसुम. पिशवीत वांगी, कोथिंबीर आणि वर कागदात गुंडाळलेला झेंडू. पाणी प्यायल्या. मग तिनं समितीत काय झालं ते सगळं सांगितलं — तक्रारीच्या सुरात नाही. मला वाईट वाटेल म्हणून ‘निसर्गदत्त’वाला भाग जरा गाळून, आणि कुसुमनं तो भरून काढला.

“तुमी रेकॉर्डिंग केलं होतं ना मॅडम,” सुलोचनाबाई म्हणाली. “पाठकसायबाचा आवाज हाय त्याच्यात. ते तं गेले. पण सायबाचा आवाज ऐकला का मंग समितीले ऐकाच लागंन. साती जणींचं काम वाचंन त्याच्यानं. बस तेवढं द्या.”

मोबाइल आमच्या दोघींमधल्या टीपॉयवर होता. तोच. वर सकाळचं वर्तमानपत्र पडलेलं. मी वर्तमानपत्रावर हात ठेवला — कसा ठेवला ते मला नेमकं आठवतं, तळवा पसरून, जणू वाऱ्यानं पान उडत होतं. पंखा बंद होता. कागदाखालचा तो पातळ, किंचित कोमट चौकोन मला जाणवत होता. म्हणजे स्पर्शज्ञान माझ्याही हाताला आहे.

मी म्हणाले, “मोबाइल पाण्यात पडला हो. सगळं गेलं त्यातलं.”

कारण सांगते; सबब म्हणून नाही, नोंद म्हणून. त्याच महिन्यात ‘स्पर्शज्ञ’ पाठसंग्रहासाठी निवडलं जात होतं. ते ध्वनिमुद्रण समितीसमोर वाजलं असतं तर माझं प्रकरण खोटं ठरलं असतं — आणि मीच ते खोटं केलं, हे त्या ध्वनिमुद्रणाच्या शेवटच्या मिनिटानं सांगितलं असतं. सात बायांची कामं एका बाजूला. एक धडा दुसऱ्या बाजूला. मला निवडायला किती वेळ लागला असेल? दांडी नळीत उतरायला लागतो तेवढाही नाही.

कुसुम माझ्याकडे पाहत राहिली. तिला कळलं असावं, आणि मला वाटतं त्या खोलीत ती एकटीच शहाणी होती. पण सुलोचनाबाई? ती पुढे झुकली आणि माझीच समजूत घालू लागली. “जाऊ द्या मॅडम. तुमचंबी लय गेलं असंन त्याच्यात. कविता-गिविता.” मग उठताना म्हणाली, “वांगे आजच करजा. उद्यापर्यंत निबर होतात.”

मी ती वांगी केली. खाल्लीही.

साती जणी मदतनीस ठरल्या. नव्या शेडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये दोन माणसं अशी होती जी जोडीघरात ट्रे उचलायला आली होती आणि ज्यांना दांडीची चाल सुलोचनाबाईनं शिकवली होती. त्यांच्याकडे कागद होता. जोडीघराच्या खिडक्या विटांनी बुजवल्या आणि तिथे भंगार ठेवू लागले. बांगड्यांच्या डब्याचं काय झालं, कोण जाणे. पुस्तकाला मात्र एक पुरस्कार मिळाला. मी तो घेतला. भाषणात मी श्रमाच्या सौंदर्याविषयी बोलले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या — अरे, कुणीतरी उठून विचारायचं होतं! पण कुणी काय विचारणार? विचारण्यासारखं सगळं मी काढून टाकलं होतं.

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नाच्या खरेदीसाठी अकोल्याला गेले होते. जुन्या शहरातल्या बाजारात, ओल्या पोत्यावर वांगी आणि झेंडूचे ढीग मांडून ती बसलेली दिसली. मनगटात हिरव्या बांगड्या भरलेल्या — आता उतरवायचं कारण नव्हतं. मी मान वळवून जाणार होते. तिनंच हाक मारली.

“मॅडम! वळखलं नाई का?” बसायला पोतं झटकून दिलं. नातीनं सांगितलेली गोष्ट तिला मला सांगायची होती. नात, थोरल्या मुलाची, कॉलेजात आहे. परीक्षेत आजीवर प्रश्न आला. “म्या म्हटलं, काय लिवलं वं तू? म्हणे, आजीचे हात लय सुंदर हायेत असं लिवलं. पुरे मार्क भेटले पोरीले!” ती मनापासून हसली आणि दोन्ही तळवे माझ्यासमोर पसरले. मातीनं भरलेले, भेगा पडलेले. “पाहा बरं. कुटं हायेत सुंदर?”

मग पिशवीत कोथिंबिरीची जास्तीची जुडी टाकता टाकता, सहज, “तो मोबाइल दुरुस्त नाई झाला का हो? नात म्हणे, आजकाल पाण्यातलंबी काडून देतात.”

मी म्हणाले, “नाही निघालं.”

म्हणजे दोनदा. पहिल्यांदा माझं काही तरी पणाला लागलं होतं. दुसऱ्यांदा काय होतं? समिती उठली होती, जोडीघर बुजलं होतं, धडा लागून जुना झाला होता. दुसरं खोटं मी निव्वळ सवयीनं बोलले.

त्यानंतर मी मोबाइल बदलला. त्याआधीही एकदा बदलला होता. दर वेळी दुकानातल्या माणसाला मी बजावून सांगते — ही एक ध्वनिफीत नव्या फोनवर आलीच पाहिजे. एकेचाळीस मिनिटांची. ती मी पुसू शकले असते. पुसली नाही. देऊही शकले असते.

हे छापून येईल तेव्हा ती ध्वनिफीत सुलोचनाबाईच्या नातीकडे पोचलेली असेल. त्यामुळे काही परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण शेवटचं मिनिट तिच्या आजीनं ऐकण्याआधी मी ते इथे माझ्या हातानं उतरवून ठेवते. ध्वनिमुद्रण बंद करायचं मी विसरले होते. पाठकसाहेब निघून गेले आहेत. बाया डबे उघडत आहेत, झाकणांचा आवाज येतो. ट्रेमध्ये दांड्या ठेवल्याचा बारीक किणकिणाट. आणि तिचा आवाज, जरा जवळून —

“मॅडम, लोक म्हणतात बाईच्या हाताले कळते. हाताले काय कळते? हात तं साऱ्याईलेच हायेत. म्या लिवून लिवून काडलं ते. तेवढं जरूर टाकजा. टाकसान ना?”

त्यानंतर कुणीतरी हसतं. आणि मग एक दुसरा आवाज, स्वच्छ, कमावलेला, प्रत्येक अक्षर नीट उच्चारणारा —

“टाकणारच. तुम्ही सांगितलं तसं, जसंच्या तसं.”

तो माझा आहे.